चित्रकर्ती हिल्मा आफ क्लिंट



आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी एका कर्तबगार स्त्रीचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. सावित्रीबाई झाल्या, पंडिता रमाबाई झाल्या, मादाम क्यूरी झाल्या. यंदा ते काम चिटणीसबाईंनी माझ्यावर सोपविले. माझी शाळा सातवीला सुटली आणि त्यानंतरचे लिखाण म्हणजे वाण्याची यादी व मंडळाचा जमाखर्च. तेव्हा चुकलेमाकलेले पदरात घ्यावे.

ज्या बाईंविषयी मी लिहिणार आहे त्यांचे नाव आज साऱ्या जगातल्या चित्रकारांना ठाऊक आहे. आपल्यापैकी थोड्याच जणींनी ते ऐकले असेल. मीही गेल्या दिवाळीपर्यंत ऐकले नव्हते. माझी मुलगी चित्रकला शिकते. सुटीत घरी येताना तिने ग्रंथालयातून एक जाडजूड पुस्तक आणले होते. मी चकल्या तळीत होते आणि ती स्टुलावर बसून मला एकेक पान मराठीतून सांगत होती. सांगता सांगता ती अशा जागी आली की, स्वीडन देशात पाच मैत्रिणी दर शुक्रवारी एकत्र जमत असत, प्रार्थना करीत, वाचन करीत आणि जमले की सगळे वहीत टिपून ठेवीत. मी झारा खाली ठेवला. आपलेही मंडळ शुक्रवारचेच. मंडळाच्या स्मरणिकेत लिहावयाचे तर याच बाईंविषयी लिहावे असे मी तेव्हाच ठरविले.

हिल्माबाईंचा जन्म २६ ऑक्टोबर १८६२ रोजी स्टॉकहोम शहराजवळ कार्लबर्ग येथे झाला. वडील आरमारात अधिकारी होते. आफ क्लिंट घराण्यात समुद्राचे नकाशे काढण्याची परंपरा होती. पाणी कोठे किती खोल, खडक कोठे दडलेला, जहाजाने कोणत्या वाटेने जावे, हे सारे रेघांनी आणि खुणांनी कागदावर दाखवावयाचे. वरून पाण्यात काहीच दिसत नाही, पण नकाशात सारे असते. हिल्माबाईंच्या पुढच्या चित्रांकडे पाहताना मला हे नकाशे फार आठवले. माणसाच्या डोळ्याला न दिसणारे कागदावर आणावयाचे, हे त्यांच्या घरात नवीन नव्हते.

उन्हाळ्यात हे कुटुंब मेलारेन नावाच्या मोठ्या सरोवरातील आडेल्स्यो बेटावर राहावयास जाई. तेथे शेतीवाडी होती. झाडापानांची ओढ त्यांना तेथेच लागली आणि ती शेवटपर्यंत सुटली नाही. १८८० साली धाकटी बहीण हर्मिना दहा वर्षांची असताना वारली. हिल्माबाई तेव्हा अठरा वर्षांच्या आतबाहेर होत्या. मृतांशी संवाद साधता येतो की काय, या गोष्टीत त्यांना त्याच्या थोडे आधीपासूनच रस होता. बहिणीच्या मृत्यूने तो अधिक खोल गेला असल्यास नवल नाही.

स्वीडनच्या राजकीय कला अकादमीचे दार स्त्रियांना १८६४ साली उघडले होते. पॅरिसच्या नामांकित सरकारी शाळेत त्या काळी मुलींना प्रवेश नव्हता, हे लक्षात घेतले म्हणजे स्वीडनचे कौतुक वाटते. हिल्माबाईंनी १८८२ साली अकादमीत प्रवेश घेतला आणि पाच वर्षांनी, १८८७ साली, चांगल्या गुणवत्तेने शिक्षण पुरे केले. अकादमीने त्यांना व आणखी दोघी चित्रकर्तींना शहराच्या मध्यभागी काम करावयास एक स्टुडिओ दिला. तेथे त्या माणसांच्या तसबिरी, निसर्गचित्रे व फुलापानांची चित्रे काढीत आणि त्यावर आपला चरितार्थ चालवीत. १९०० च्या सुमारास एका पशुवैद्यकीय संस्थेसाठी त्यांनी घोड्यांवरील शस्त्रक्रियांची चित्रे काढून दिली. सांगावयाचे एवढ्यासाठी की, ज्यांना पुढे लोकांनी वेड्यावाकड्या आकारांच्या चित्रकर्ती म्हटले त्यांचा हात घोड्याचा सांधा नि सांधा बिनचूक काढणारा होता. साधे काढता येत नव्हते म्हणून त्या दुसरीकडे वळल्या असे कोणी समजू नये. लग्न त्यांनी केले नाही.

आता त्या शुक्रवारच्या पाच जणींकडे येते. हिल्मा आफ क्लिंट, आन्ना कासेल, कोर्नेलिया सेडरबर्ग, सिग्रिड हेडमान आणि माटिल्डा निल्सन. यांपैकी आन्नाबाई हिल्माबाईंच्या शिकण्याच्या दिवसांतल्या मैत्रीण आणि स्वतः चित्रकर्ती. १८९६ साली या पाच जणींनी आपला लहानसा गट केला आणि त्याला पाच एवढेच नाव दिले. प्रार्थना होई, बायबलातील उतारा वाचला जाई, ध्यान होई. आणि मग, आपल्याकडे ज्याला प्लँचेट म्हणतात त्या जातीचा प्रकार होई. कोणी एक जण ध्यानात जाई, बाकीच्या टिपून घेत, आणि पुढे पुढे हात आपोआप फिरू देऊन पेन्सिलीने रेघा काढीत. पलीकडून जे बोलतात असे त्यांना वाटे त्यांची नावेही वह्यांत आहेत. आमालिएल, ग्रेगोर, क्लेमेन्स, गेओर्ग, एस्थर आणि आनंद. आनंद हे नाव ऐकून मी चमकले. स्वीडनच्या बर्फात आनंद कोठून आला?

तो थिऑसॉफीच्या वाटेने गेला असावा. ही थिऑसॉफिकल सोसायटी १८७५ साली न्यूयॉर्कला निघाली. १८७९ साली तिच्या संस्थापिका मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कट मुंबईस आले आणि गिरगावात राहिले. सोसायटीचा कारभार काही वर्षे मुंबईतूनच चालला. १८८२ च्या अखेरीस तो मद्रासजवळ अड्यारला गेला. अॅनी बेझंटबाई या त्याच सोसायटीच्या. त्यांच्या पुस्तकांतून कर्म, पुनर्जन्म आणि बुद्धाच्या गोष्टी युरोपात घरोघर पोहोचल्या. हिल्माबाई १९०४ साली या सोसायटीच्या स्टॉकहोममधील शाखेच्या सभासद झाल्या. बेझंटबाई आणि लेडबीटर यांचे विचारांना रंग आणि आकार असतात असे सांगणारे पुस्तकही त्याच सुमारास निघाले. आपल्या गिरगावातून गेलेला एक धागा इतक्या लांबच्या विणकामात सापडावा, याचे मला बरे वाटले.

भुताखेतांवर विश्वास ठेवावा असे मी मुळीच म्हणत नाही. आमच्या माहेरी प्लँचेटचे नाव काढले तरी आजी पाट घेऊन मागे लागत असे. त्या काळच्या युरोपात मात्र मोठमोठे विद्वानही या नादात होते. न दिसणारे क्ष-किरण नुकतेच सापडले होते, तारेवाचून संदेश जाऊ लागला होता. तेव्हा डोळ्यांना दिसते तेवढेच जग नव्हे असे शहाण्यासुरत्या माणसांनाही वाटू लागले होते. आणि माझा साधा विचार असा. जात्यावर बसले की ओवी सुचते. ती कोण सुचविते हे विचारीत बसले तर दळण राहून जाईल. हिल्माबाईंनी दळण राहू दिले नाही.

१९०६ च्या पहिल्या दिवशी आमालिएल याने घातलेले एक मोठे काम त्यांनी पत्करले, असे वहीत लिहिले आहे. एका मंदिरासाठी चित्रे काढावयाची. मंदिर कोठे, कोणाचे, ते कोण बांधणार, हे काही नाही. आधी चित्रे. हिल्माबाई तेव्हा त्रेचाळीस वर्षांच्या होत्या, म्हणजे आज माझ्या वयाच्या. त्यांनी मांसाहार सोडला, मन स्थिर करण्याचा सराव केला, आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात ब्रश हाती घेतला.

पहिली मालिका लहान आकाराच्या २६ चित्रांची. निळा, पिवळा आणि हिरवा, एवढे रंग. निळा म्हणजे स्त्री, पिवळा म्हणजे पुरुष आणि दोन्ही मिसळले की हिरवा, असा त्यांचा संकेत. शंखाची वळणे, वेटोळी, अक्षरे, बिया. ओळखीची वस्तू फारशी नाही. अशा चित्रांना अमूर्त चित्रे म्हणतात. आपल्याला ती कळत नाहीत अशी आपण समजूत करून घेतो. पण दारापुढे ठिपक्यांची रांगोळी काढताना तिचा अर्थ काय असे आपण कोणाला विचारतो का? गोपद्मे काढतो तेव्हा गाय काढीत नाही. फरक एवढाच की रांगोळीचे संकेत आपल्याला आईने, आजीने शिकविलेले असतात. हिल्माबाईंना ते आपले आपणच उभे करावे लागले, आणि म्हणून त्यांनी प्रत्येक खुणेचा अर्थ वह्यांतून लिहून ठेवला.

मग १९०७ चा ऑक्टोबर उजाडला. त्या महिन्यापासून डिसेंबरपर्यंत त्यांनी जी दहा चित्रे केली त्यांना नुसते दहा सर्वांत मोठी असे नाव आहे. माणसाचे आयुष्य त्यांचा विषय. बाळपणाची दोन, तारुण्याची दोन, प्रौढपणाची चार आणि म्हातारपणाची दोन. एकेक चित्र सुमारे साडेदहा फूट उंच आणि आठ फुटांच्या आसपास रुंद. आमची बाहेरची खोली दहा बाय दहाची आहे. मी आणि मुलीने दोरीने मापून पाहिले; त्यातले एकही चित्र आमच्या खोलीत नीट पसरता येणार नाही. अशी दहा, आणि ती सारी सुमारे चाळीस दिवसांत. कागदावर, अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगांनी. नंतर ते कागद कापडावर चिकटविले. इतके मोठे कागद भिंतीला लावून नव्हे, जमिनीवर पसरून रंगविले असावेत असे अभ्यासक म्हणतात. हिल्माबाई अंगाने लहानखुऱ्या, उंची जेमतेम पाच फूट. सडा घालताना आपण जशा वाकतो तशा त्या वाकून, कागदावरच पाय ठेवून रंगवीत असाव्यात, असे चित्र माझ्या डोळ्यांपुढे येते. कोर्नेलियाबाई मदतीला होत्या.

मुलीने ती चित्रे मोबाईलवर मोठी करून दाखविली. बाळपण गडद निळे आहे. त्यावर फुलांच्या माळा आणि दोन मोठी वर्तुळे, एक निळे, एक पिवळे. तारुण्य नारिंगी, तेथे सगळे गरगर फिरते, एक आकार स्थिर नाही. प्रौढपण जांभळट, आणि तेथे मोठमोठी फुले उमलून बियांवर आलेली. म्हातारपण फिक्या गुलाबी रंगाचे, बरेचसे मोकळे, आणि मध्ये बारीक चौकोनांची जाळी. प्रौढपणाला चार चित्रे का दिली असतील असे मुलीने विचारले. मी म्हटले, कामच तेव्हा सगळ्यांत जास्त असते. ती हसली, पण मला ते खरेच वाटते.

ज्या कांडिन्स्की नावाच्या रशियन चित्रकाराला पुढे अमूर्त चित्राचा जनक म्हणू लागले, त्यांनी आपले पहिले तसे चित्र १९११ सालचे असल्याचे सांगितले आहे. या बाईंची १९०७ ची दहा चित्रे त्याच्या चार वर्षे आधीची. पण कोणाला ठाऊक होते?

१९०८ च्या एप्रिलपर्यंत १११ चित्रे झाली. त्या सुमारास रुडॉल्फ श्टायनर हे विद्वान स्टॉकहोमला व्याख्यानांस आले होते. हिल्माबाईंना त्यांचा फार आदर. आपले काम त्यांनी पाहावे, मार्ग दाखवावा, अशी त्यांची इच्छा होती. परंतु पलीकडून कोणी सांगते आणि आपण काढतो, ही पद्धतच श्टायनरांना मान्य नव्हती. जो आधार हवा होता तो मिळाला नाही. त्यातच आईची दृष्टी गेली. वडील १८९८ सालीच वारले होते. हिल्माबाईंनी शहरातला स्टुडिओ सोडला आणि आईची सेवा पत्करली. मंदिराची चित्रे चार वर्षे बंद पडली. पुस्तके लिहिणारे श्टायनरांच्या नापसंतीवर पानेच्या पाने लिहितात आणि आंधळ्या आईला एका ओळीत उरकतात. ज्यांनी घरात अंथरुणावरचे माणूस सांभाळले आहे त्यांना चार वर्षे कोठे गेली हे वेगळे सांगावयास नको.

पण हात अगदी बांधलेले नव्हते. मधून मधून तसबिरी काढणे चालू होते, आणि १९१० साली स्वीडनमधील स्त्री-चित्रकारांचा जो संघ निघाला त्याच्या त्या काही काळ चिटणीसही होत्या. म्हणजे सभेची नोंद ठेवणे आणि वर्गणीसाठी मागे लागणे या बाईंनाही चुकले नाही.

१९१२ पासून काम पुन्हा सुरू झाले. आता त्या पूर्वीइतक्या दुसऱ्याच्या हुकमाने काढीत नव्हत्या. काय ऐकू आले आणि काय काढावयाचे याचा विचार स्वतः करीत. हंसांची मालिका याच काळातली, १९१४-१५ सालची. पहिल्या चित्रात एक पांढरा हंस, एक काळा, एक वरच्या बाजूला, एक खालच्या, चोचीला चोच लागलेली. पुढच्या चित्रांत त्यांचे आकार मोडत मोडत नुसती वर्तुळे आणि शंख उरतात. ज्यांना अमूर्त म्हणजे काय ते कळत नाही त्यांनी ही मालिका क्रमाने पाहावी. १९१५ साली वेदीवर लावावयाची तीन मोठी चित्रे झाली. त्यांत पायऱ्यापायऱ्यांचा त्रिकोण आणि वर सोनेरी सूर्य. येथे मंदिराची मालिका संपली. एकूण १९३ चित्रे.

गंमत पाहा. १९१४ साली माल्मो शहरात मोठे प्रदर्शन भरले. तेथे कांडिन्स्कीची चित्रे होती आणि हिल्माबाईंचेही चित्र होते. पण त्यांनी तेथे दिले ते नेहमीच्या पद्धतीचे, सर्वांना समजेल असे. स्टॉकहोमला ठेवलेल्या त्या प्रचंड चित्रांचा कोणाला पत्ता नव्हता.

१९१७ साली मेलारेन सरोवरातील मुन्स्यो बेटावर या चित्रांसाठी एक स्टुडिओ बांधण्यात आला. पैशाचा मोठा वाटा आन्ना कासेलबाईंचा होता. पुढच्या वर्षी हिल्माबाई आई आणि आईची परिचारिका यांना घेऊन त्या बेटावर राहावयास गेल्या. आई १९२० साली वारली. त्याच दिवसांत त्यांनी रानफुलांची एक चित्रवही केली. प्रत्येक फूल अगदी हुबेहूब, पाकळ्या मोजून घ्याव्यात असे, आणि शेजारी एक लहानसे वर्तुळ किंवा चौकट. त्या फुलात कोणता गुण दडला आहे त्याची ती खूण. मला त्यांच्या साऱ्या कामात ही पाने सर्वांत आवडली. नकाशे काढणाऱ्या घराण्याची मुलगी, बेटावरची झाडेझुडपे आणि शुक्रवारच्या वह्या, ही तिन्ही तेथे एका पानावर आहेत. त्यानंतर त्या स्वित्झर्लंडमधील डोर्नाख येथे श्टायनरांच्या केंद्रात अनेकदा जाऊन राहिल्या आणि नंतर जलरंगात पातळ, ओघळते असे काम करू लागल्या.

मोठी चित्रे कोठे घेऊन जाता येत नव्हती. म्हणून त्यांनी दहा वह्या तयार केल्या. एका बाजूला मूळ चित्राचा काळापांढरा फोटो आणि समोर त्याच चित्राची लहानशी रंगीत नक्कल. निळ्या पुठ्ठ्याच्या या वह्या त्या लोकांना दाखवीत. १९२८ साली लंडनला एका अध्यात्मविषयक परिषदेत त्यांनी काही चित्रे मांडली, असे अलीकडच्या संशोधनातून पुढे आले आहे. तेव्हा त्यांना चित्रे लपवावयाची होती असे जे सांगतात ते पुरते खरे नाही. त्यांना दाखवावयाची होती. पाहणारे मिळत नव्हते.

शेवटी १९३२ साली त्यांनी वहीत नोंद केली की, बेरजेची खूण आणि क्ष ही खूण ज्या कामांवर आहे ती आपल्या मृत्यूनंतर वीस वर्षे उघडू नयेत. तेव्हा त्या सत्तरीच्या होत्या. लोणचे मुरावयास ठेवावे तसे आयुष्यभराचे काम झाकून ठेवावयाचे, आणि बरणी उघडेल तेव्हा आपण असणार नाही हे ठाऊक असून झाकावयाचे. मला हे जमले नसते.

१९४४ साली त्या स्टॉकहोमजवळ एका नात्यातल्या बाईंकडे राहात होत्या. ट्राममधून उतरताना अपघात झाला, आणि २१ ऑक्टोबर १९४४ रोजी त्या वारल्या. ब्याऐंशी पुऱ्या व्हावयास पाचच दिवस राहिले होते. कांडिन्स्की आणि हॉलंडचे मोंद्रियान हे अमूर्त चित्राचे दोघे प्रसिद्ध पुरुषही त्याच वर्षी गेले. त्यांची नावे तोवर पुस्तकांत छापून आली होती.

सारे काही त्यांनी भाचे एरिक यांच्या नावे ठेवले होते. हे गृहस्थ आरमारात मोठ्या हुद्द्यावर होते आणि चित्रकलेशी त्यांचा संबंध नव्हता. पण आत्याबाईंचा शब्द त्यांनी पाळला. गुंडाळलेली चित्रे आणि पेट्या माळ्यावर राहिल्या. उन्हाळ्यात तापल्या, हिवाळ्यात गोठल्या. १९६० नंतरच्या दशकात वीस वर्षे उलटल्यावर त्या उघडल्या तेव्हा निघाली सुमारे १,३०० चित्रे, १२४ वह्या आणि २६,००० च्या वर लिहिलेली पाने. एरिकनी १९७० साली ती स्टॉकहोमच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयास देऊ केली. संग्रहालयाने ती नाकारली. प्लँचेटवाल्या बाईची चित्रे म्हटल्यावर पाहण्याचीही गरज वाटली नाही. १९७२ साली एरिकनी एक विश्वस्त संस्था स्थापून सारे तिच्या स्वाधीन केले आणि मंदिराची चित्रे विकावयाची नाहीत असा नियम घालून ठेवला. घरात जागा अडविणारे सामान वीस-पंचवीस वर्षे न टाकणारा भाचा मिळणे हेही भाग्यच.

१९८६ साली अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे चित्रांतील अध्यात्म या विषयावर मोठे प्रदर्शन झाले. त्यात ही चित्रे प्रथमच जगापुढे आली. तरी २०१२ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने अमूर्त चित्राचा शोध कसा लागला यावर प्रदर्शन भरविले त्यात बाईंना जागा नव्हतीच. मग २०१३ साली, ज्यांनी नाकारले होते त्याच स्टॉकहोमच्या संग्रहालयाने त्यांचे भव्य प्रदर्शन केले आणि ते इतर देशांतही नेले. २०१८-१९ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात ते झाले तेव्हा सहा लाखांहून अधिक लोकांनी पाहिले. त्या संग्रहालयाच्या इतिहासात तोवर इतकी गर्दी कशालाच झाली नव्हती. ही इमारत आतून शंखासारखी आहे, वाट वळत वळत वर जाते. हिल्माबाईंनी आपल्या मंदिराची जी कल्पना लिहून ठेवली होती तीही वळत वर जाणाऱ्या इमारतीचीच. आणि २०१२ मध्ये ज्या संग्रहालयाने वगळले त्यानेच पुढे त्यांची ती रानफुलांची चित्रे विकत घेऊन २०२५ साली मांडली.

येथे चरित्र संपवावे असे मी ठरविले होते. पण मुलीने नंतर आणखी एक गोष्ट सांगितली आणि मी दोन दिवस अस्वस्थ होते. मंदिराची सारी चित्रे एकट्या हिल्माबाईंच्या हातची नाहीत, असे वह्या नीट वाचणारे संशोधक आता म्हणू लागले आहेत. आन्ना कासेलबाईंनी त्यांतली काही काढली असावीत, आणखी काही मैत्रिणींचाही हात त्यांत असावा. वह्यांतून तशा खुणा सापडतात. हिल्माबाईंनी ते मुद्दाम झाकले असे मला वाटत नाही. त्या साऱ्या जणी हे काम वरून आलेले मानीत. मग खाली सही कोणी करावयाची? पण सही नसली की पुढे ज्याच्या पेटीत सापडले त्याचेच नाव लागते.

मंडळाच्या रौप्यमहोत्सवात आपण मोठी गोधडी केली होती. सतरा जणींनी मिळून शिवली. जिल्ह्याच्या प्रदर्शनात तिला बक्षीस मिळाले आणि प्रमाणपत्रावर एकच नाव आले. गोधडी मी नेऊन दिली म्हणून ते माझे आले. ते प्रमाणपत्र आमच्या भिंतीवर आहे आणि इतकी वर्षे मी कोणाजवळ काही बोलले नाही. बाकीच्या सोळा जणींची यादी, ज्या वारल्या त्यांच्यासह, मी या लेखाबरोबर चिटणीसबाईंना दिली आहे. ती याच अंकात छापावी अशी विनंती आहे.

आन्नाबाई हिल्माबाईंहून दोन वर्षांनी मोठ्या. १९३७ साली त्या वारल्या. त्यांचीही जलरंगातली चित्रे आणि वह्या स्वीडनमध्येच सापडल्या असून, त्यांची गुलाबाची कथा या नावाचे चित्रांचे पुस्तक २०२३ साली निघाले. कोर्नेलियाबाई, सिग्रिडबाई आणि माटिल्डाबाई यांच्या वाट्याचे काम वह्यांतून निवडून काढणे चालू आहे.